विश्लेषण : तार खात्याच्या छावणीवरचा हल्ला आणि वीर बाबूराव शेडमाके… चांद्याच्या जंगलात १८५८ मध्ये नेमके काय घडले?

२९ एप्रिल १८५८ च्या रात्री अहेरी परिसरात, प्राणहिता नदीकाठच्या चिंचगुंडीजवळ ब्रिटिशांच्या तार खात्याच्या छावणीवर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी ठार झाले. त्यांचा तिसरा सहकारी पीटर निसटला. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत या उठावाचा नेता बाबूराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. तेव्हा त्यांचे वय होते अवघे २५ वर्षे. आज याच जंगलात नदीची पातळी, वाघाचा ठावठिकाणा आणि वीज केंद्राच्या धुराड्यातील धूर यांची माहिती यंत्रे स्वतःच दूरवर पाठवतात. दूरसंपर्काची आणि या जंगलाची पहिली मोठी गाठ मात्र अशी रक्तरंजित होती. हे बाबूराव कोण होते? आणि त्यांच्या लढ्यात तारेची छावणी आली कुठून?

बाबूराव शेडमाके कोण?

बाबूराव पुल्लेसूरबापू शेडमाके यांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी अहेरीच्या जमीनदारीतील एका राजगोंड कुटुंबात झाला. वडील पुल्लेसूरबापू हे मोलमपल्लीचे जमीनदार, तर आई जुर्जाकुंवर. आजच्या नकाशावर हा सगळा भाग गडचिरोली जिल्ह्यात येतो. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता. वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावतीच्या खोऱ्यांतला हा मुलूख चांदा जिल्ह्याचा भाग होता. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी.

बाबूरावांचे सुरुवातीचे शिक्षण गोटुलमध्ये झाले. तिरकमठा, तलवार, भाला ही शस्त्रे ते तिथेच शिकले. पुढे इंग्रजी शिक्षणासाठी त्यांना रायपूरला पाठवण्यात आले, असे त्यांचे चरित्र सांगते. शिक्षण संपवून ते मोलमपल्लीला परतले. वयाच्या अठराव्या वर्षी राजकुंवर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गोंडी, तेलुगू आणि हिंदी या भाषा त्यांना येत होत्या. गोदावरीच्या दोन्ही काठांवर माणसे जोडायची तर या भाषा हव्याच होत्या.

उठावाची ठिणगी कशी पडली?

चांद्यावरचे गोंड राजांचे राज्य १७५१ मध्ये संपले आणि हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे गेला. तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले. लॉर्ड डलहौसीने दत्तक वारस नामंजूर केला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले. त्याबरोबर चांदाही ब्रिटिशांच्या ताब्यात आला.

राजधानीतला राजा बदलला तरी जंगलातल्या जमीनदाराच्या दैनंदिन कारभारात आजवर फारसा फरक पडत नसे. नव्या राजवटीने ती घडी मोडली. डेप्युटी कमिशनर आला, महसुलाचे नवे हिशेब आले, जंगलावर आणि जमिनीवर हक्क कोणाचा हा प्रश्न आला.

१८५७ मध्ये उत्तर भारत पेटला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला बाबूरावांनी सुमारे ५०० तरुणांची ‘जंगोम सेना’ उभी केली. मार्च १८५८ मध्ये या सेनेने राजगड परगण्यावर ताबा मिळवला. चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिश्टन यांनी फौज पाठवली. १३ मार्च १८५८ रोजी नांदगाव-घोसरीजवळ लढाई झाली आणि सरकारी फौजेला माघार घ्यावी लागली.

या विजयानंतर अडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव राजेश्वर राजगोंड हे बाबूरावांना येऊन मिळाले. गोंडांच्या जोडीला रोहिल्यांची तुकडीही आली. एप्रिलमध्ये सगणापूर आणि बामनपेठ येथे पुन्हा चकमकी झाल्या. जंगलाची वाट, नदीचा उतार आणि टेकडीची चढण यांची माहिती ज्याला अधिक, त्याची बाजू वरचढ, असे या लढाईचे स्वरूप होते. या बाबतीत क्रिश्टन यांची फौज परकी होती.

तारेला एवढे महत्त्व का होते?

हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. भारतात विजेच्या तारेने संदेश पाठवण्याचा पहिला मोठा प्रयोग विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ केला. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर मार्ग सुरू झाला. डलहौसीने पाठबळ दिल्यावर पुढच्या काही वर्षांत सुमारे चार हजार मैलांची तार टाकली गेली. कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास आणि पेशावर जोडले गेले. १८५५ मध्ये तारसेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली.

तारायंत्राचे तत्त्व सोपे आहे. एका टोकाला बॅटरी आणि कळ. दुसऱ्या टोकाला तारेचे वेटोळे आणि सुई किंवा लोखंडाची पट्टी. मध्ये लोखंडी तार. कळ दाबली की तारेतून वीज वाहते, पलीकडच्या वेटोळ्यात चुंबकत्व येते आणि सुई किंवा पट्टी हलते. कळ सोडली की हालचाल थांबते. परतीची दुसरी तार लागत नाही, कारण तो मार्ग जमिनीतून पूर्ण होतो. म्हणजे शेकडो मैल दूर असलेले यंत्र इथे बसून हलवता येऊ लागले. दूरच्या यंत्राला जाळ्याने जोडण्याच्या आजच्या तंत्रज्ञानाची सुरुवात या हालचालीपासून होते.

अडचणीही होत्या. अंतर वाढले की विजेचा जोर कमी होतो, त्यामुळे ठरावीक अंतरावर कार्यालय लागते. खांब ओला झाला की वीज जमिनीत गळते, म्हणून तार खांबाला थेट न बांधता मध्ये चिनी मातीची चिमणी बसवावी लागते. झाड पडले, वीज कोसळली, कोणी तार कापली तर संपूर्ण मार्ग मुका होतो. म्हणून तार टाकणारी आणि सांभाळणारी माणसे सतत मार्गावर, तंबूत, वस्तीपासून दूर असत.

१८५७ मध्ये या तारेचे लष्करी मोल उघड झाले. ११ मे रोजी दिल्लीच्या तार कार्यालयातून उठावाची बातमी अंबाल्याला गेली आणि पंजाबमधील ब्रिटिश अधिकारी सावध झाले. त्याच दिवशी सकाळी दिल्ली कार्यालयाचे प्रमुख चार्ल्स टॉड मेरठची तार बंद का पडली हे पाहायला गेले आणि मारले गेले. तार कापणे हा उठावाचा आणि तार जोडणे हा सरकारचा डाव झाला. जिथे तार, तिथे फौज लवकर येणार, हे दोन्ही बाजूंना कळून चुकले.

चिंचगुंडीत काय झाले?

ज्या काळात उर्वरित देशात बातमी मिनिटांत पोहोचू लागली होती, त्या काळात चांद्याच्या दक्षिणेकडील जंगलात ती हरकाऱ्याच्या पायांनी चालत होती. हा वेळेचा फरक हीच उठाव करणाऱ्यांची मोठी ताकद होती. क्रिश्टन यांना एका ठिकाणची खबर कळेपर्यंत जंगोम सेना दुसरीकडे गेलेली असे.

अशा स्थितीत प्राणहितेच्या काठी तार खात्याची छावणी पडलेली होती. २९ एप्रिलच्या रात्री तिच्यावर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल जागीच ठार झाले. पीटर कसाबसा सुटला आणि क्रिश्टन यांच्याकडे जाऊन पोहोचला.

ही घटना दोन्ही बाजूंनी पाहावी लागते. मारले गेलेले दोघे तार खात्यात नोकरी करणारे लोक होते, लढाईवर आलेले सैनिक नव्हते. दुसरीकडे, त्यांच्या मागून येणारी तार ही जंगलातल्या लोकांना गावाची बातमी कळावी म्हणून येत नव्हती. ती सरकारची होती. तिच्यातून जंगलाची खबर बाहेर जाणार होती आणि आत येणार होता तो हुकूम. कळ एका बाजूच्या हातात होती. ज्यांच्या जमिनीतून खांब जाणार, त्यांच्या हातात काहीच नव्हते.

बाबूराव पकडले कसे गेले?

छावणीवरील हल्ल्यानंतर सरकारने पाठलाग तीव्र केला. बाबूरावांना पकडून देणाऱ्यास एक हजार रुपयांचे इनाम जाहीर झाल्याचे सांगितले जाते. पण इनामापेक्षा दुसरा मार्ग अधिक उपयोगी ठरला. क्रिश्टन यांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला. मोलमपल्ली अहेरीच्याच जमीनदारीत होते. उठावाला साथ दिली तर जमीनदारी जाणार, हे लक्ष्मीबाईंना दिसत होते.

बाबूराव भोपालपट्टणमच्या बाजूला असताना एकदा रोहिल्यांच्या हाती सापडले होते, पण तिथून ते निसटले. अखेर १८ सप्टेंबर १८५८ रोजी लक्ष्मीबाईंच्या माणसांनी त्यांना पकडले आणि चांद्याला ब्रिटिशांच्या स्वाधीन केले. जी खबर सरकारला तारेने मिळाली नाही, ती जंगलातल्याच माणसांकडून मिळाली.

खटला लांबला नाही. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगाच्या आवारातील पिंपळाच्या झाडाला बाबूरावांना फाशी देण्यात आली. व्यंकटराव बस्तरकडे निघून गेले. १८६० मध्ये तेही पकडले गेले. त्यांना जन्मठेप झाली आणि मालमत्ता जप्त झाली. जप्त झालेली अडपल्ली-घोटची ६७ गावांची जमीनदारी बक्षीस म्हणून लक्ष्मीबाईंना मिळाली. एका उठावाने या भागातील जमिनीची मालकीच बदलून टाकली.

आजचा ‘तारवाला’ यंत्राच्या पोटात

चिंचगुंडीच्या काळात तारेच्या दोन्ही टोकांना माणूस लागत असे. एक जण अक्षरांचे संकेतांत रूपांतर करी आणि कळ दाबी. दुसरा सुईची हालचाल किंवा पट्टीचा आवाज टिपून त्याची पुन्हा अक्षरे करी. हेच काम आज मोडेम करतो. मोडेम हा शब्दच मॉड्युलेटर आणि डीमॉड्युलेटर या दोन शब्दांपासून तयार झाला आहे. यंत्राची भाषा शून्य आणि एक या आकड्यांची. हवेतून जातात त्या लहरी. आकड्यांचा ठसा लहरीवर उमटवणे आणि पलीकडे तो पुन्हा उतरवून घेणे, एवढेच मोडेमचे काम.

‘एम्बेडेड मोडेम’ म्हणजे यंत्राच्या आतल्या सर्किटवरच बसवलेला छोटा मोडेम. त्यात मोबाइलसारखे सिम असते किंवा उपग्रहाशी बोलण्याची सोय असते. पुलाखाली लावलेले रडार पाण्याकडे लहर सोडते, ती परत यायला लागलेल्या वेळेवरून पाण्याची उंची मोजते आणि मोडेम तो आकडा नियंत्रण कक्षाला पाठवतो. जंगलात वीज नसते, म्हणून सोबत सौर पॅनेल आणि बॅटरी असते. मोजण्यापेक्षा पाठवण्याला वीज जास्त लागते. त्यामुळे मोडेम बहुतेक वेळ झोपलेला असतो. ठरलेल्या वेळी जागा होतो, आकडे पाठवतो आणि पुन्हा झोपतो. नेटवर्क नसेल तर आकडे साठवून ठेवतो आणि मिळताच पाठवतो.

चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे. अशा केंद्रांच्या धुराड्यांवरील मोजणी यंत्रांना प्रदूषणाचे आकडे नियामक मंडळांकडे ऑनलाइन पाठवावे लागतात. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून २०२४ मध्ये ओडिशाच्या सिमिलिपालला नेलेली झीनत ही वाघीण तिथून बाहेर पडली आणि झारखंडमार्गे पश्चिम बंगालमध्ये पोहोचली. तिच्या गळ्यातील कॉलर माहिती पाठवत असल्याने वन विभागाची पथके तिच्या मागावर राहू शकली. २९ डिसेंबर २०२४ रोजी बांकुरा जिल्ह्यात तिला सुखरूप पकडण्यात आले.

मग प्रश्न उरतो कुठे?

दक्षिण गडचिरोलीत मोबाइल टॉवर उशिरा पोहोचले. घनदाट जंगल, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि नक्षली हिंसाचार ही त्याची कारणे. भामरागडचे उदाहरण बोलके आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावर पाणी चढते आणि भामरागडचा संपर्क तुटतो. पुरात वीज जाते, वीज गेली की टॉवर बंद पडतो. म्हणजे नदीच्या पातळीचा आकडा सर्वांत जास्त हवा असतो, नेमका त्याच वेळी तो पाठवणारा मार्ग बंद पडण्याचा धोका असतो. यावर तांत्रिक उपाय आहेत. टॉवरला मोठी बॅटरी देता येते आणि मोजणी यंत्राला उपग्रहाचा पर्यायी मार्ग देता येतो.

पण आकडा नियंत्रण कक्षात पोहोचणे ही अर्धीच वाट आहे. उरलेली अर्धी नियंत्रण कक्षापासून गावापर्यंतची. नदीची पातळी हैदराबादच्या किंवा नागपूरच्या संगणकावर दिसली आणि पलीकडच्या पाड्यावर ती माडिया किंवा गोंडीत वेळेवर सांगितली गेली नाही, तर त्या यंत्राचा पाड्याला उपयोग काय? वाघ गावाच्या शिवारात असल्याचे पडद्यावर दिसले आणि मोहफूल वेचायला निघालेल्या बाईपर्यंत निरोप गेला नाही, तर नुकसान कोणाचे? जंगलातली माहिती बाहेर नेणारी यंत्रणा उभी करणे १८५८ मध्येही सरकारला महत्त्वाचे वाटत होते. ती माहिती जंगलातल्या माणसाच्या कामी येणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती मुद्दाम करावी लागते.

बाबूराव आज कुठे भेटतात?

भारतीय तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ज्या खात्याच्या छावणीवर बाबूरावांच्या उठावात हल्ला झाला, त्याचे तारायंत्र आता संग्रहालयात आहे. त्याआधीच, १२ मार्च २००९ रोजी टपाल खात्याने बाबूराव शेडमाके यांच्यावर तिकीट काढले. ज्यांना एका सरकारने गुन्हेगार म्हणून फासावर दिले, त्यांचे चित्र दुसऱ्या सरकारच्या पत्रांवर देशभर फिरले.

चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहाच्या आवारात, त्या पिंपळापाशी दरवर्षी २१ ऑक्टोबरला लोक जमतात. गडचिरोलीच्या आतल्या गावांतूनही माणसे येतात. कार्यक्रमाचे फोटो आणि चित्रफिती त्याच दिवशी फोनवरून गावी पोहोचतात. पाऊस लांबला असेल आणि टॉवर बंद असेल, तर मात्र माणूस गावी परतेपर्यंत वाट पाहावी लागते.